अमेरिका (सायमन अँड गारफंकलचं गाणं)

पॉल सायमनने लिहिलेलं आणि सायमन अँड गारफंकल या न्यूयॉर्कच्या जोडीने गायलेलं हे फोक-रॉक गाणं, ३ एप्रिल १९६८ला आलेल्या 'बुकएंड्स' अल्बममधलं. साडेतीन मिनिटांत गोष्ट एवढीच, की एक पोरगा आणि एक पोरगी सिगरेटचं पाकीट आणि 'पाय' (सारण भरून भाजलेला गोड पदार्थ) घेऊन 'अमेरिका शोधायला' निघतात. अमेरिका सापडली का, ते गाणं सांगत नाही.

मुळात हा प्रवास खरा होता. १९६४मध्ये सायमन इंग्लंडच्या फोक क्लबांत गिटार घेऊन फिरत होता, तेव्हा त्याची गर्लफ्रेंड होती कॅथी, आणि त्याच वर्षी ती अमेरिकेला आली तेव्हा दोघांनी मिळून रोड ट्रिप केली. १९६५च्या त्याच्या सोलो अल्बमच्या कव्हरवर तीच आहे, आणि या गाण्यातही तिला नावाने हाक मारलीय. गाण्यातला पोरगा मात्र मिशिगनच्या सॅगिनॉहून लिफ्ट मागत मागत चार दिवस काढतो, मग पिट्सबर्गला ग्रेहाउंड कंपनीची लांब पल्ल्याची बस पकडतो.

बसमधला टाइमपास म्हणजे गाण्याचा जीव आहे. समोरच्या प्रवाशांबद्दल दोघं थापा रचत बसतात, ती म्हणते तो गॅबर्डीनचा (एक जाड कापड) सूट घातलेला माणूस गुप्तहेर आहे, तर हा म्हणतो जपून, त्याचा बो टाय म्हणजे कॅमेरा आहे. मग सिगरेटी संपतात, ती मासिक वाचायला लागते, बाहेर माळावर चंद्र वर येतो. आणि एकदम तो तिला सांगतो की मी हरवलोय, आतून रिकामा झालोय, का ते कळत नाही, पण हे सांगतो कधी तर ती झोपलीय हे पक्कं माहीत असताना! जागी असती तर बोलला असता का, मला नाही वाटत. शेवटी न्यू जर्सी टर्नपाइक या हायवेवरच्या गाड्या मोजत बसतो आणि 'आम्ही' शोधायला निघालोचं 'सगळेच' शोधायला निघालेत होऊन जातं.

गंमत म्हणजे यात यमक जवळजवळ नाहीच, आणि ते चट्कन लक्षातही येत नाही कारण सहाच्या ठेक्यात (आपल्या दादऱ्यासारख्या) चाल झुलवत नेते. ड्रम्स हाल ब्लेनचे, ऑर्गन लॅरी नेक्टेलचा, आधी नुसतं गुणगुणणं आणि कोरसला सगळं एकदम उसळतं.

सिंगल म्हणून ते १९७२मध्ये, जोडी फुटल्यावर आलं आणि बिलबोर्डच्या अमेरिकन गाण्यांच्या यादीत ९७व्या नंबरपर्यंतच पोचलं. त्याच वर्षी 'यस' या ब्रिटिश रॉक बँडने त्याचं दहा मिनिटांहून लांब व्हर्जन केलं, ते वेगळंच प्रकरण आहे. २०१६च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत उमेदवारीसाठी लढणाऱ्या बर्नी सँडर्सच्या जाहिरातीत ते वाजलं. आणि सॅगिनॉत, कारखाने बंद पडून गाव रोडावल्यावर, स्थानिक कलाकारांनी ओस पडलेल्या इमारतींच्या भिंतींवर याच गाण्याच्या ओळी रंगवल्या.