कपाटातला गॅस डिटेक्टर झिजत नाही?

मॅनहोलमध्ये उतरण्याआधी वापरायचा गॅस डिटेक्टर वर्षभर कपाटात पडून होता, म्हणजे नव्यासारखाच असणार, हा समज साइटवर सर्रास ऐकू येतो. तो चुकीचा आहे.

त्यातला ऑक्सिजनचा जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे एक छोटी बॅटरीच. बारीक छिद्रातून हवा आत जाते, कॅथोडवर ऑक्सिजनची अभिक्रिया होते आणि दुसरीकडे शिशाच्या अ‍ॅनोडचं हळूहळू ऑक्साइड होत जातं. जितका ऑक्सिजन, तितका विजेचा प्रवाह. उपकरण बंद केलं तरी कपाटातल्या हवेतही ऑक्सिजन 20.9 टक्के असतोच, त्यामुळे शिसं खर्ची पडत राहतं. साधारण दोन वर्षांत खेळ आटोपतो.

कार्बन मोनॉक्साइडच्या सेन्सरचं तंत्र वेगळं. तिथे इलेक्ट्रोड फक्त उत्प्रेरक असतो. वायूचं कार्बन डायऑक्साइड होताना इलेक्ट्रॉन सुटतात आणि मायक्रोअँपियरच्या घरातला तो प्रवाह मोजला जातो. इलेक्ट्रोड झिजत नाही, पण आतलं सल्फ्युरिक आम्ल कोरड्या हवेत पाणी गमावतं आणि सेन्सर मंदावतो.

खरी गोम पुढेच आहे. ऑक्सिजनचा सेन्सर मेला की आकडा खाली येतो, अलार्म बोंबलतो. कार्बन मोनॉक्साइडचा मेला की पडद्यावर निवांत शून्य, अगदी स्वच्छ हवेत दिसतं तसंच! सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइड या विषारी वायूच्या सेन्सरचंही तेच, आणि तिथे नाकावर विसंबता येत नाही, कारण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास वासच कळेनासा होतो. म्हणून उतरण्याआधी ज्ञात प्रमाणाचा वायू सेन्सरवर सोडून आकडा हलतो का, अलार्म वाजतो का, ते पाहायचं. याला बंप टेस्ट म्हणतात.