चर्चच्या फरशीवरचा कवडसा आणि केप्लरचा हिशोब

युरोप टूरवर गेलेली आपली माणसं चर्चमध्ये शिरली की पहिल्यांदा मान वर करतात, छत, घुमट, भित्तिचित्रं, काचा वगैरे, आणि ते बरोबरच आहे म्हणा, तिकिटाचे पैसे त्याचेच असतात. पण इटलीतल्या काही चर्चमध्ये खरा माल पायाखाली आहे. बोलोन्या शहरातलं सान पेत्रोनिओ घ्या. प्रचंड मोठं चर्च, बांधकाम 1390 ला सुरू झालं आणि दर्शनी भिंतीचा वरचा भाग आजही नुसत्या विटांचाच आहे, संगमरवर लावायचं राहूनच गेलं. आत डाव्या बाजूच्या भागात फरशीवर एक सरळ पट्टी दिसते, जवळपास 67 मीटर लांब, तिरकी जाणारी, दोन खांबांच्या अगदी अंगाला घासून निघालेली. कडेने राशींची चिन्हं आणि आकडे कोरलेत. वर छताला एक भोक आहे, साधारण 27 मीटर उंचीवर. दुपारी त्यातून उन्हाचा गोळा खाली पडतो, हळूहळू सरकत पट्टीवर येतो आणि ज्या क्षणी तो पट्टीच्या बरोबर मधोमध असतो तो बोलोन्याचा खरा मध्यान्ह.

आता प्रश्न असा की देवळात, म्हणजे चर्चमध्ये, हे यंत्र कुणी आणि कशाला बसवलं? आणि तेही त्या चर्चने, ज्याने 1633 मध्ये गॅलिलिओला गुडघ्यावर बसवून माफी मागायला लावली?

उत्तर आहे ईस्टर. ख्रिसमस सोपा, 25 डिसेंबर, विषय संपला. ईस्टर मात्र चंद्र आणि सूर्य दोघांवर अवलंबून. 325 सालच्या निकियाच्या धर्मपरिषदेनंतर हळूहळू जो नियम रुळला तो असा की वसंतसंपात, म्हणजे दिवस आणि रात्र सारखे असण्याचा वसंतातला दिवस, तो धरला 21 मार्च, आणि त्या दिवशी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि त्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार. मग ईस्टरवरून मागे मोजून उपवासाचे दिवस, पुढे मोजून बाकीचे सण, म्हणजे अर्ध्या वर्षाचं धार्मिक वेळापत्रक त्या एका तारखेला टांगलेलं. आणि घोळ इथेच होता, कारण ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरने वर्ष धरलं होतं 365.25 दिवसांचं आणि ऋतूंचं खरं वर्ष आहे साधारण 365.2422 दिवसांचं. फरक 11 मिनिटांचा. वर्षाला 11 मिनिटं म्हणजे कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण 128 वर्षांत एक दिवस सरकतो, आणि सोळाव्या शतकात कागदावर 21 मार्च म्हणत होते तेव्हा आकाशातला संपात 11 मार्चलाच होऊन गेलेला असायचा.

(आपल्याकडे हसायचं कारण नाही. उत्तरायण 21-22 डिसेंबरला सुरू होतं आणि आपण तिळगूळ वाटतो 14-15 जानेवारीला, कारण आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशोबाने चालते आणि ती साधारण 72 वर्षांनी एक दिवस पुढे जाते. लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाचा विषय उगाच लावून धरला नव्हता.)

हे 11 मार्चचं प्रकरण मोजून दाखवणाऱ्यांत एक नाव महत्त्वाचं, एग्नात्सिओ दांती. डोमिनिकन पंथाचा साधू, गणिती, नकाशे काढण्यात पटाईत. फ्लॉरेन्सला सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या देखण्या संगमरवरी दर्शनी भिंतीवर त्याने 1570 च्या दशकात खगोलाची दोन उपकरणं ठोकली, ती आजही तिथेच आहेत आणि लोक त्यांच्यासमोर उभं राहून सेल्फी काढतात, ती काय आहेत हे न बघता. फ्लॉरेन्सच्या राज्यकर्त्याचा आश्रय गेल्यावर त्याला शहर सोडावं लागलं, मग बोलोन्याला येऊन त्याने सान पेत्रोनिओत पहिली रेषा आखली, आणि पुढे तो व्हॅटिकनमध्ये पोप 13वे ग्रेगरी यांच्याकडे. तिथे ‘वाऱ्यांचा मनोरा’ नावाची इमारत आहे, तिच्या एका खोलीत चारी भिंतींवर रंगीत भित्तिचित्रं आणि जमिनीवर दांतीची रेषा. उन्हाचं भोक कुठे ठेवलंय माहितीये? भिंतीवर दक्षिण वाऱ्याचं चित्र आहे, त्याच्या तोंडात! सांगतात की दांतीने पोपना तिथे उभं करून दाखवलं, बघा, कॅलेंडर म्हणतंय एक आणि सूर्य म्हणतोय दुसरं. गोष्ट तंतोतंत खरी असो वा नसो, रेषा मात्र खरी आहे.

पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. लुईजी लिलिओ नावाच्या दक्षिण इटलीतल्या डॉक्टरची योजना, क्लाव्हिअस नावाच्या जर्मन जेझुइट (कॅथलिकांचाच एक पंथ) गणितीची तपासणी, फेब्रुवारी 1582 मध्ये पोपचा हुकूम, आणि त्या वर्षी 4 ऑक्टोबरच्या गुरुवारनंतर उजाडला 15 ऑक्टोबरचा शुक्रवार. इटली, स्पेन, पोर्तुगाल, पोलंड लगेच बदलले. प्रोटेस्टंट देशांना पोपने सांगितलेलं म्हणून नको होतं, इंग्लंडने तर 1752 पर्यंत ओढलं. याच क्लाव्हिअसच्या हाताखाली शिकलेला मात्तेओ रिच्ची 1578 ला गोव्यात उतरला होता आणि नेमका 1582 मध्येच पुढे चीनला गेला, म्हणजे रोमच्या या गणिताचा एक धागा मांडवीच्या काठाला लागून गेलेला आहे.

पण कॅलेंडर बदललं म्हणजे काम संपलं असं नाही. नवीन नियम पुढची शेकडो वर्षं टिकणार का हे तपासायला वर्षाची लांबी आणखी काटेकोर मोजायला हवी होती, आणि तेव्हाच्या दुर्बिणी त्या कामाला उपयोगाच्या नव्हत्या. उपयोगाला आलं ते मोठं अंधारं दगडी चर्च.

कौलारू घरात राहिलेल्यांना हे समजवायला नको. कौल सरकलं की दुपारी जमिनीवर जो गोल कवडसा पडतो तो फटीच्या आकाराचा नसतो, फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोलच, कारण ते सूर्याचं चित्र असतं. भोकापासून जमीन जितकी लांब, त्याच्या साधारण 108 वा भाग एवढा त्या चित्राचा व्यास. घरात छत 3 मीटरवर, म्हणून सूर्य जेमतेम 3 सेंटिमीटरचा. पण छत 27 मीटरवर नेलं तर? सान पेत्रोनिओत उन्हाळ्यात तो 27-28 सेंटिमीटरचा होतो, आणि हिवाळ्यात सूर्य खाली असल्याने किरण 70 मीटरहून जास्त तिरके प्रवास करून येतात तेव्हा त्याची रुंदी 65 सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि लांबी तर तिरकेपणामुळे ताणून दीड मीटरच्या वर. वर्षभरात कवडसा रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. अयनदिनाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या किंवा सगळ्यात लहान दिवसाच्या, आसपास तो जागचा हलतच नाही म्हटलं तरी चालेल, पण संपाताच्या दिवसांत तो रोज साधारण 37 सेंटिमीटर पळतो. म्हणून संपाताचा क्षण पकडायला सोपा, 37 सेंटिमीटरला 24 तास म्हणजे एक सेंटिमीटरला 40 मिनिटंसुद्धा नाहीत! फूटपट्टीने वेळ मोजायची ही आयडिया मला तरी कुठल्याही दुर्बिणीपेक्षा भारी वाटते.

दांतीची रेषा खांबांमुळे नीट उत्तर-दक्षिण नव्हती, आणि सतराव्या शतकात चर्च वाढवताना भोक असलेली भिंतच पाडायची ठरली. तेव्हा पुढे आला बोलोन्याच्या विद्यापीठातला तरुण प्राध्यापक, जिओव्हानी डोमेनिको कॅसिनी, वय 30. हाच तो, ज्याच्या नावाचं यान पुढे शनीभोवती 13 वर्षं फिरलं. लोक म्हणाले खांबांमधून सरळ रेषा जाणारच नाही, त्याने हिशोब करून दाखवलं की जाते, अगदी घासून पण जाते. 1655 च्या जूनमध्ये, अयनदिनाच्या सुमारास, त्याने लोकांना रीतसर आमंत्रण देऊन सगळ्यांसमोर रेषेची दिशा पक्की केली. भोकाचा व्यास उंचीच्या बरोबर एक हजारावा भाग, म्हणजे 27 मिलिमीटर, आणि रेषेची लांबी पृथ्वीच्या परिघाचा सहा लाखावा भाग. हा शेवटचा आकडा विज्ञानाच्या दृष्टीने फारसा कामाचा नाही, निव्वळ रुबाब आहे, पण तेवढा रुबाब चालतो.

आणि मग त्याने ईस्टरच्या पलीकडचा प्रश्न हातात घेतला. वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत साधारण 186 दिवस लागतात आणि उरलेल्या अर्ध्यासाठी 179 च. का? जुनं ग्रीक उत्तर असं की सूर्य एकाच वेगाने गोल वर्तुळात फिरतो, फक्त पृथ्वी त्या वर्तुळाच्या मध्यावर नाही, बाजूला सरकलेली आहे, त्यामुळे लांबच्या भागात तो आपल्याला हळू वाटतो. जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं म्हणणं होतं की तसं नाही, अर्धाच फरक अंतराचा आहे, अर्धा फरक खरोखरच वेग कमी-जास्त होण्याचा. दिवसांचा हिशोब दोन्हीकडून जवळपास सारखाच जुळतो, म्हणजे नुसत्या तारखा बघून निकाल लागत नाही. पण सूर्याचा आकार बघून लागतो! सूर्य जवळ असताना मोठा दिसणार, लांब असताना लहान, आणि ग्रीक हिशोबाने जानेवारी-जुलैमधला हा फरक केप्लरच्या हिशोबाच्या दुप्पट यायला हवा.

डोळ्याने हे दिसणं शक्यच नाही, फरकच एकूण 3 टक्क्यांचा की 6-7 टक्क्यांचा असा. कॅसिनीकडे मात्र 65 सेंटिमीटरचा सूर्य होता. जानेवारीतल्या कवडशाच्या रुंदीत दोन्ही मतांमधला फरक येतो साधारण 1 सेंटिमीटर, आणि जुलैतल्या लहान कवडशात अर्धा सेंटिमीटरही नाही. त्यात कवडशाची कड सुरीसारखी नसते, भोकाच्या रुंदीमुळे ती धूसर असते, वर हा गोळा सतत सरकत असतो. म्हणजे फरशीवर वाकून, सरकत्या धूसर कडेवर खूण करायची, आणि हे एकदा नाही, पुन्हा पुन्हा. निकाल लागला केप्लरच्या बाजूने.

यात गंमत बघा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसचं पुस्तक तेव्हा बंदी घातलेल्या यादीत होतं, केप्लरही चर्चच्या दृष्टीने नको असलेला माणूस, बोलोन्या थेट पोपच्या राज्यातलं शहर, आणि पुरावा जमा होतोय चर्चच्या फरशीवर. मग कॅसिनीला कुणी हात का लावला नाही? कारण कवडसा सांगतो ते फक्त अंतराबद्दल. सूर्य पृथ्वीभोवती फिरतो की पृथ्वी सूर्याभोवती, हे त्यातून कळत नाही, दोन्हीकडे अंतर तेवढंच बदलतं. त्यामुळे त्या भांडणात न पडता केप्लरचा अर्धा भाग मान्य करता येत होता. ‘चर्च विरुद्ध विज्ञान’ अशी सरळ मारामारी जी आपण शाळेपासून ऐकतो ती इथे बसत नाही. ज्या संस्थेने गॅलिलिओचं तोंड बंद केलं, तिनेच खगोलशास्त्राला छप्पर, भोक आणि पैसे पुरवले, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कॅसिनीने त्या निरीक्षणांचं पुस्तक अर्पण केलं स्वीडनची माजी राणी क्रिस्टिना हिला, जी सिंहासन सोडून, कॅथलिक होऊन नुकतीच रोमला चालली होती. चौदाव्या लुईच्या बोलावण्यावरून तो 1669 मध्ये पॅरिसला गेला, आणि म्हातारपणी 1695 ला परत येऊन त्याने ही रेषा दुरुस्त करून घेतली, कारण इमारत खचते, हलते आणि रेषा बिघडते.

म्हणूनच 1702 मध्ये रोममध्ये बिआंकिनी नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने रेषा आखली ती सांता मारिया देली आंजेली चर्चमध्ये. हे चर्च मायकेलअँजेलोने रोमन सम्राट डायोक्लेशनच्या स्नानगृहांच्या अवशेषांतून उभं केलं होतं, म्हणजे भिंती जवळपास 1400 वर्षं जुन्या, जेवढं खचायचं तेवढं खचून झालेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोमची घड्याळं तिथल्या मध्यान्हावर लावत. पॅरिसच्या सँ-सुल्पीस चर्चमध्ये तर आतली जागाच कमी पडली, हिवाळ्यातला कवडसा जमिनीवर मावेना, म्हणून रेषा समोरच्या भिंतीपाशी उभ्या केलेल्या ओबेलिस्कवर, म्हणजे वर निमुळत्या होत जाणाऱ्या उंच दगडी स्तंभावर, चढवली.

सगळ्यात उंच भोक फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलमध्ये, ब्रुनेलेस्कीच्या घुमटात, 90 मीटरवर. तोस्कानेल्ली नावाच्या गणितीने ते 1475 च्या सुमारास बसवलं. इतक्या उंचीमुळे कवडसा फक्त उन्हाळ्यातल्या अयनदिनाच्या आसपासच जमिनीवर नीट येतो. तिथे 1510 मध्ये बसवलेली एक संगमरवरी चकती आहे, त्या वर्षीच्या अयनदिनाची खूण. 1755 मध्ये लिओनार्दो शिमेनेस या जेझुइटने त्याच चकतीशी आपला कवडसा ताडून पाहिला, प्रश्न असा की पृथ्वीच्या अक्षाचा कल शतकानुशतकं तोच राहतो का. नाही राहत, तो कमी होतोय, शतकाला साधारण 47 विकला, म्हणजे एका अंशाचा 76-77 वा भाग.

जूनच्या शेवटी फ्लॉरेन्सला असाल तर कॅथेड्रलवाले हा कवडसा लोकांना दाखवतात. बोलोन्यात तर रोजच दिसतो, फक्त ऊन पाहिजे. हिवाळ्यात सव्वाबाराच्या आणि उन्हाळ्यात सव्वाच्या आसपास पोचा, दहा-पंधरा मिनिटं पुढेमागे धरून.