मेनिंडीचे मासे उकाड्याने मेले नाहीत

डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेनिंडी गावाजवळ डार्लिंग नदीत लाखो मासे पोट वर करून तरंगले. अनेकांनी दोष दिला तो दुष्काळ आणि उकाड्याला. गंमत म्हणजे घात केला तो अचानक आलेल्या गारव्याने.

नदी वाहायची थांबली की बंधाऱ्यामागच्या डोहात पाण्याचे दोन थर पडतात. वरचं तापून हलकं होतं, खालचं गार आणि जड राहतं; दोन्ही मिसळत नाहीत. वर शेवाळ माजतं, मरून तळाला जातं, आणि ते कुजवताना जिवाणू तिथला प्राणवायू संपवतात. मासे वरच्या थरात दाटीवाटीने तग धरतात. मग थंड वारं सुटतं, वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि थर मोडतात. तळाचं पाणी नुसतं प्राणवायूशून्य नसतं. त्यातली गंधक-लोहाची संयुगं वरचा उरलेला प्राणवायूही खातात. तो लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की ‘मरे कॉड’ जातीचे मोठे मासेही काही तासांत गुदमरतात. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांनी पहिल्या वळवानंतर हे पाहिलं असेल. मेनिंडीला हवा सोडणारी यंत्रं बसवली, पण एक यंत्र डोहाचा कोपराच सांभाळतं.

खरा उपाय म्हणजे वाहतं पाणी. ऑस्ट्रेलियन विज्ञान अकादमीच्या २०१९ च्या अहवालाने दुष्काळावर न थांबता वरच्या अंगाच्या जादा सिंचन-उपशाकडेही बोट दाखवलं.

इथे प्रश्न येतो बारकिंजींचा, म्हणजे या नदीकाठच्या आदिवासींचा. नदी त्यांची ‘बाका’. त्यांचं नावही तिच्यावरूनच. ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असं म्हणून त्यांचे गोडवे गाणं सोपं आहे, पण त्याने डोहात थेंबभर पाणी वाढत नाही. २०१५ मध्ये त्यांचा जमिनीवरचा पारंपरिक हक्क न्यायालयाने मानला, मात्र सिंचनाचे परवाने जमिनीपासून वेगळे विकले जातात. मेनिंडी ज्यात येतं त्या न्यू साउथ वेल्स राज्यातल्या मरे-डार्लिंग खोऱ्यात २०१८ च्या सुमारास आदिवासी लोकसंख्या ९ टक्क्यांहून जास्त होती, त्यांच्या संस्थांकडे भूपृष्ठावरचं पाणी सुमारे ०.२ टक्के. खोऱ्यातल्या आदिवासी समूहांच्या २००७ च्या एचुका जाहीरनाम्याची मागणी म्हणूनच नेमकी आहे: सल्ला नको, कायद्याने मालकीचं पाणी हवं.

नदीच्या पाणीवाटपाच्या आराखड्यात हे दोन कलमांत बसवता येईल. कोरड्या काळानंतरचा पहिला लोंढा मेनिंडीच्या खाली पोहोचेपर्यंत वरचे पंप बंद. आणि ते केव्हा सुरू करायचे, या निर्णयात बारकिंजींचं मत बंधनकारक. मसुदा छापून झाल्यावर बोलावलेल्या बैठकीत चहा मिळतो, कलम बदलत नाही.