पणजोबा शोधताना: सातबारा मागायचा की फेरफार?

लालबाग-परळच्या चाळींत वाढलेल्या बऱ्याच घरांत गावचा एक सातबारा जपून ठेवलेला असतो, बहुधा रेशनकार्डाच्याच पिशवीत. घराण्याचा विषय निघाला की तो बाहेर येतो. "हे बघ, आजोबांचं नाव." पणजोबांचं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघतात आणि कोणीतरी म्हणतं, "जुने कागद गेले रे सगळे." कागद बहुतेक वेळा तहसीलीत असतात. आपण मागतो तो कागद चुकतो.

सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. सातात जमीन कोणाच्या नावावर, बारात पीक काय. खातेदार वारला की त्याच्या नावाला कंस होतो आणि वारसांची नावं चढतात. हाताने लिहायच्या काळात ही पुस्तकं काही वर्षांनी नव्याने उतरवून काढत, आणि उतरवताना चालू नावंच घेत. कंसातली माणसं तिथे गळाली. सातबाऱ्याला मेलेल्यांशी देणंघेणं नाही.

फेरफार म्हणजे गाव नमुना ६. खरेदी, वाटणी, बोजा, वारस, गावात हक्काचा जो बदल होईल त्याची क्रमाने नोंद. वारसाची नोंद वाचायला मजा येते. अमुक मयत, त्यास वारस मुलगे दोन, मुलगी एक, विधवा पत्नी. बऱ्याचदा वयं आणि राहण्याचं ठिकाणही. 'हल्ली रा. मुंबई' हे शब्द कोकणातल्या नोंदींत भेटतातच. मुलगी सासरच्या नावाने लिहिलेली असेल तर एक नवं आडनाव हाती लागतं, कधी गावही.

या दोन कागदांना जोडणारा दुवा सातबाऱ्यावरच असतो: नावाशेजारी गोलात लिहिलेला आकडा. तो फेरफार क्रमांक. तो घेऊन तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करायचा आणि नक्कल मागायची. काही जिल्ह्यांचे जुने कागद 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्याही दिसतात, म्हणून एसटी पकडण्याआधी तिथे बघावं. नोंदीत जो मयत, तो तुमच्या एक पिढी मागे. मग त्याच्या नावाचा जुना सातबारा, त्यावरचा गोल, पुन्हा फेरफार. १९४७ च्या कायद्याने जिथे जमिनींचं एकत्रीकरण झालं, तिथे सर्व्हे नंबराचा गट नंबर झाला. जुना नंबर माहीत नसेल तर माग तिथेच तुटतो. फार मागे गेलात तर अक्षर मोडी निघू शकतं.

जुन्या उताऱ्यावर नावापुढे 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबा. एकत्र कुटुंब मॅनेजर. म्हणजे नाव थोरल्याचं, पण त्याच्या मागे बाकीचे भाऊ उभे आहेत. त्यांची नावं वाटणीच्या फेरफारात सापडू शकतात. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता. तेव्हा वारस लहान होता, एवढं नक्की कळतं.

फेरफारही डोळे मिटून मानू नये. वारसांची नावं सांगणारा माणूस गावात राहणारा. गिरणीत खपणारा भाऊ सांगताना 'विसरला' गेला तर वहीतही विसरला जातो. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुली शोधू नका, क्वचितच सापडतील. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांच्याबद्दल दोन्ही कागद गप्प. खुद्द मुंबई शहरात तर सातबारा नाहीच, मिळकत पत्रिका असते, आणि चाळीतल्या भाडेकरूची वंशावळ तिच्यातून निघत नाही.

आमच्या घरी आजोबांना बहीण होती हे कोणी कधी बोललंच नव्हतं. सातबाऱ्यावर ती नाही. पणजोबांच्या वारसाच्या फेरफारात सापडली, सासरच्या आडनावासकट. त्यानंतर काही नंबरांनीच दुसरी नोंद होती, हक्कसोडपत्राची: भावाच्या लाभात हक्क सोडला, आणि खाली अंगठा.