पदर आत ओढला आणि कोडं सुटलं

२०११ च्या सप्टेंबरमध्ये एक बातमी जगभर फिरली. व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांनी तीन आठवड्यांत एड्सचं कोडं सोडवलं, अशा थाटात ती आली होती. मी ती वाचली, चहाच्या वेळी दोन-चार जणांना सांगितली आणि विसरून गेलो. बहुतेक विज्ञानवार्तांचं आपण हेच करतो. आश्चर्य वाटतं, आणि त्या आश्चर्यालाच आपण समजणं म्हणतो.

ती बातमी मला पुन्हा आठवली बहिणीच्या घरी, इंदूरच्या सुदामा नगरात. तिचा मुलगा दहावीत आहे. "दादा, तूच सांग बाई याला, तुझं तरी ऐकतो," असं म्हणून तिने पोह्यांची बशी माझ्या हातात दिली, वर शेव आणि जीरावन मसाला भुरभुरवला आणि ती आत गेली. भाचा लॅपटॉपवर होता. मी रागावणार हे त्याने गृहीतच धरलं होतं. बातमीतल्या त्या गेमचं नाव फोल्डइट. मी त्याला विचारलं, "फोल्डइट खेळलायस कधी?" त्याने नावही ऐकलं नव्हतं. मग आम्ही दोघांनी तो गेम उतरवून घेतला. फुकट मिळतो.

पडद्यावर एक वळणावळणाची दोरी दिसते. तिला ठिकठिकाणी फांद्या फुटलेल्या, काही नारिंगी, काही निळ्या. एखादी फांदी दुसरीवर आदळली की तिथे लाल काटेरी गोळा दिसतो. माउसने ओढायचं, वळवायचं, हलवायचं, आणि वरचा स्कोअर बघायचा. पहिली दोन कोडी त्याने पोहे गार होण्याआधी सोडवली. तिसऱ्याला अडकला आणि म्हणाला, "मामा, नारिंगी आत गेलं की गुण वाढतायत. का?"

या 'का'चं उत्तर त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात होतं. आमटीवर फोडणीचे थेंब तरंगत असतात ते आठवा. दोन थेंब जवळ आले की एक होतात. तेलाचं पाण्याशी पटत नाही, म्हणून पाणी जणू त्याला एका जागी ढकलून ठेवतं. आपल्या शरीरातली प्रथिनं म्हणजे अमिनो आम्लांच्या लांबलचक माळा. माळेत मणी वीस प्रकारचे. त्यातले काही तेलाच्या स्वभावाचे, काही पाण्याशी जमवून घेणारे. पेशीत सगळीकडे पाणी. मग माळ आपोआप अशी गुंडाळली जाते की तेलकट मणी आत लपतात आणि बाकीचे बाहेर राहतात. गेममधले नारिंगी ते तेलकट, निळे ते पाण्याचे मित्र. दोन अणू एका जागी मावत नाहीत, म्हणून ते लाल काटे. आणि स्कोअर म्हणजे दुसरं काही नसून त्या घडीची ऊर्जा, उलटी करून लिहिलेली. ऊर्जा जितकी कमी, तितके गुण जास्त.

या गेमचं मोठेपण मला इथेच दिसतं. बहुतेक गेममध्ये नियम माणसाने ठरवलेले असतात. किती मारलं की किती गुण, हे कुणीतरी टेबलाशी बसून ठरवतो. इथे गुणांचं गणित शक्य तितकं निसर्गाच्या हिशेबाशी जुळवलेलं आहे. जो खेळाडू जिंकतो तो निसर्गाच्या जवळ गेलेला असतो.

घडी इतकी महत्त्वाची का, तर प्रथिनाचं काम त्याच्या आकारावर चालतं. अंडं उकडलं की आतला पांढरा भाग घट्ट होतो. त्यातली मणी तीच, माळही तीच, फक्त उष्णतेने घड्या मोडल्या आणि माळा एकमेकींत अडकल्या. ते अंडं गार करून पुन्हा कच्चं होत नाही. विषाणूला रोखणारं औषध बनवायचं तर त्याच्या प्रथिनाच्या कोणत्या खाचेत ते बसेल हे कळायला हवं, आणि त्यासाठी आधी घडी कळायला हवी.

मग संगणकाकडूनच का नाही घडी काढून घेतली? भाच्याला आम्ही हा हिशेब कागदावर करायला लावला. समजा माळेत १०० मणी आहेत आणि प्रत्येक सांध्याला फक्त तीनच प्रकारे वळता येतं. तरी शक्यता होतात ३ चा १०० वा घात. ती संख्या लिहायला ४८ आकडे लागतात. एकेक करून तपासत बसलं तर विश्वाचं वयही पुरायचं नाही.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड बेकर यांचा गट याच प्रश्नावर काम करत होता. २००५ मध्ये त्यांनी लोकांना विनंती केली, तुमचा संगणक रिकामा असेल तेव्हा आम्हाला वापरू द्या. जगभरच्या लोकांनी दिला. पडद्यावर संगणक माळ इकडून तिकडे वळवताना दिसायचा. आणि लोक कळवू लागले की हा चुकीच्या बाजूला चाललाय, आम्हाला दिसतंय कुठे वळवायला हवं, पण आमचे हात बांधलेले आहेत. त्या तक्रारीतून २००८ मध्ये फोल्डइट आला. मला ही तक्रार फार मोलाची वाटते. माणसाच्या डोळ्याला आकार कळतो. गाठोडं कसं बांधायचं, ट्रंकेत काय आधी ठेवायचं, हे आजीला कुणी गणिताने शिकवलेलं नसतं. २०१० मध्ये 'नेचर'मध्ये या प्रयोगाचा शोधनिबंध आला तेव्हा सत्तावन्न हजारांहून अधिक खेळाडूंचा त्यात सहभाग होता.

आता त्या २०११ च्या बातमीकडे येतो, कारण ती अर्धीच खरी होती आणि उरलेला अर्धा भाग जास्त सुंदर आहे.

प्रश्न माणसाच्या एड्सचा नव्हताच. माकडांना एड्ससारखा आजार करणारा एक विषाणू आहे. हा विषाणू आपली प्रथिनं एका लांब पट्टीत बनवतो आणि मग एक कात्रीसारखं प्रथिन, म्हणजे प्रोटिएज, ती पट्टी कापून सुटे भाग करतं. माणसातल्या एड्सच्या विषाणूकडेही तशीच कात्री असते आणि १९९५ पासून वापरात आलेली काही औषधं नेमकी त्या कात्रीवर बसतात. म्हणून माकडाच्या विषाणूची कात्री कशी दिसते यात शास्त्रज्ञांना रस होता. पोलंडमधल्या स्फटिकशास्त्रज्ञांकडे तिचे स्फटिक होते, क्ष-किरणांनी घेतलेली मोजमापं होती. तरी दहा वर्षांहून अधिक काळ आकार सापडत नव्हता.

मोजमाप हातात असून आकार का सापडू नये? साध्या उजेडाने अणू दिसत नाहीत, कारण त्याच्या लहरी अणूंमधल्या अंतरापेक्षा हजारो पटींनी लांब असतात. क्ष-किरणांच्या लहरी त्याच मापाच्या असतात. ते स्फटिकातून गेले की पलीकडे ठिपक्यांची नक्षी उमटते. प्रत्येक ठिपका किती ठळक ते मोजता येतं. पण ती लहर कोणत्या टप्प्यावर होती, चढावर की उतारावर, ते मोजताना हरवतं. तबल्याची कल्पना करा. प्रत्येक बोल किती जोरात वाजला हे कुणी लिहून ठेवलंय, पण कोणता कोणत्या मात्रेवर पडला, सम कुठे, खाली कुठे, ते लिहिलेलंच नाही. त्या कागदावरून तुम्ही ठेका ओळखू शकणार नाही. मात्र कुणी अंदाजाने म्हणालं, "झपताल असावा," आणि तो अंदाज बराचसा बरोबर असला, तर त्याच्या आधाराने बाकीचे बोल आपापल्या जागी बसू लागतात. स्फटिकशास्त्रज्ञांना असाच एक बऱ्यापैकी अचूक अंदाज हवा होता. होते ते आराखडे ढोबळ होते आणि ठिपके जुळत नव्हते.

कोडं खेळाडूंपुढे ठेवलं. तीन आठवड्यांची मुदत. एका गटातल्या तिघांनी एकापाठोपाठ एक काम केलं. पहिल्याने आकार बराच सुधारला. दुसऱ्याने त्याचीच घडी पुढे नेऊन आतला गाभा नीट बसवला. या प्रथिनाला एक मोकळा पदर असतो, तो बाहेर लोंबत होता. तिसऱ्याने तो आत ओढून घेतला. मोठ्या कसरती नव्हेत या. साडीचा पदर कमरेला खोचावा तेवढीच ती हालचाल, पण ती बरोबर ठिकाणी झाली. त्यांचं मॉडेल ठिपक्यांवर लावून पाहिलं आणि ते जुळलं. त्याच्या आधाराने शास्त्रज्ञांनी खरा आकार काढला. शोधनिबंधाच्या लेखकांमध्ये खेळाडूंच्या दोन गटांची नावं आहेत.

म्हणजे एड्स बरा झाला नाही, आणि काम खेळाडूंनी एकट्याने केलं नाही. स्फटिक वाढवणारे, ठिपके मोजणारे, गेम लिहिणारे आणि खेळणारे, यातला एक दुवा निखळला असता तरी काही हाती लागलं नसतं. मथळ्यात हे मावत नाही, हे मला कळतं. पण मथळ्यासाठी दुवे तोडले की वाचकाला वाटतं, विज्ञान म्हणजे कुणाला तरी लागलेली लॉटरी. असल्या बातम्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

विज्ञानकथांबद्दलही माझी हीच तक्रार आहे. चांगल्या कथा मी आवडीने वाचतो, पण कितीतरी कथांत एकटा शास्त्रज्ञ रात्री ओरडत उठतो आणि जग वाचतं. टोपणनावं घेतलेली, एकमेकांना कधी न भेटलेली तीन माणसं एकाच दोरीला आळीपाळीने हात लावतात, अशी कथा माझ्या वाचनात आली नाही. टोपणनावावरून आठवलं. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आद्याक्षरं उलटी करून बनवलेलं नाव. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांपुढे नाव नव्हतं, कथा होती. फोल्डइटमध्येही ऊर्जेचं गणित खेळाडूचं नाव विचारत नाही, पदवी विचारत नाही, वय विचारत नाही.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. २०२० मध्ये अल्फाफोल्ड नावाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने घड्या ओळखण्यात फार मोठी झेप घेतली आणि २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. अर्धं पारितोषिक नवी प्रथिनं रचण्यासाठी बेकर यांना, तेच फोल्डइटवाले. हसाबिस यांनी सतरा वर्षांचे असताना 'थीम पार्क' या गेमचं प्रोग्रॅमिंग केलं होतं, तो १९९४ मध्ये बाजारात आला. बहिणीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे याला आता दहावीत काही बोलायचंच नाही?" बोलायचं, अगदी बोलायचं. दिवसाचे सहा तास नुसती बंदूक चालवण्यात जात असतील तर मीही तिच्या बाजूने आहे.

अल्फाफोल्ड शिकलं कशावरून, हे मात्र भाच्याला समजावं असं मला मनापासून वाटत होतं. माणसांनी प्रयोगांतून काढलेले दीड लाखाहून अधिक आकार १९७१ पासून एका खुल्या जागतिक संग्रहात साठत आले, त्यावरून. त्यातले बहुतेक क्ष-किरणांनी आणि स्फटिकांनी काढलेले. एकेका आकारामागे कुणाची तरी वर्षं गेलेली.

असे स्फटिक आमच्या गावातही तपासले जातात. राजेंद्र नगरच्या पुढे कॅटची भिंत लागते. नाव कधीच बदललं, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र झालं, पण इंदूरकर अजून कॅटच म्हणतात. आत इंडस-१ आणि इंडस-२ आहेत. देशातली या जातीची ही दोनच यंत्रं, पैकी पहिलं १९९९ पासूनचं. इंडस-२ म्हणजे सुमारे १७२ मीटर घेराचं कडं. त्यात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतात, सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या. सोळा मोठी चुंबकं त्यांना वळवतात, आणि वळताना त्यांच्यातून प्रखर क्ष-किरण सुटतात. ते किरण बाहेर नेणाऱ्या वाटांना बीमलाइन म्हणतात आणि त्यातली एक खास प्रथिनांच्या स्फटिकांसाठी आहे. हे माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर घडतं आणि आमच्या गल्लीत ते फार थोड्यांना माहीत आहे. रात्री खाऊगल्ली होणाऱ्या सराफ्यात कोणाची जिलेबी चांगली हे विचारलं तर वीस जण सांगतील.

त्या संध्याकाळी भाच्याला घेऊन मी त्या रस्त्याने गेलो. भिंत, झाडं, फाटक, बाकी काही दिसत नाही. तो थोडा वेळ गप्प होता. मग मागून म्हणाला, "मामा, त्या तिसऱ्याने पदर आत ओढला ना, तेव्हा त्याला माहीत होतं का की हेच बरोबर आहे?"

"नाही. त्याला गुण वाढलेले दिसले. बरोबर आहे ते नंतर ठिपक्यांनी सांगितलं."

"मग माझंही तिसरं कोडं मी आत्ता चुकीच्या बाजूने ओढतोय," तो म्हणाला, आणि घरी पोचेपर्यंत एका हाताने माझा खांदा धरून दुसऱ्या हाताची बोटं हवेत वळवत राहिला.