परदेशी अशनींच्या नावांचे उच्चार

आकाशातून पडलेल्या दगडाला, म्हणजे अशनीला, तो जिथे पडला किंवा सापडला त्या जागेचं नाव मिळतं, शोधणाऱ्याचं नाही. त्यामुळे अशनीचं नाव नीट म्हणायचं म्हणजे एखाद्या गावाचं नाव त्या गावातल्या माणसासारखं म्हणायचं, एवढंच. नाव आणि स्पेलिंग मेटिऑरिटिकल सोसायटीची (स्थापना 1933) नामकरण समिती पक्कं करते, पण स्पेलिंगवरून उच्चार कळत नाही, आणि आपण सरसकट सगळं इंग्रजी समजून वाचतो तिथेच घोळ होतो.

कोकणातल्या माणसाला हे दुखणं नवीन नाही. वसईचं बसीन आणि सुवर्णदुर्गाचं सेव्हर्नड्रूग करून झालं, त्याच्या कितीतरी आधी, पंधराव्या शतकात चौलला उतरलेल्या अफानासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने आपल्या टिपणात चौलचं 'च्युविल' करून टाकलं (रेवदंड्याला त्याचं स्मारक आहे). आता आपण किनाऱ्यावर दुर्बीण लावून बसतो आणि आयेन्देला 'अलेंडे' म्हणतो, म्हणजे फिट्टंफाट.

हे आयेन्दे बहुतेक सगळ्यांचं चुकतं. 8 फेब्रुवारी 1969 ला मेक्सिकोच्या चिवावा राज्यात हा अशनी फुटून पडला, गोळा झालेले तुकडे मिळून दोनेक टन भरले, आणि त्यातले पांढरट कण सुमारे 456 कोटी वर्षं जुने, म्हणजे सूर्यमालेतल्या सगळ्यात जुन्या घन पदार्थांपैकी. तिथल्या स्पॅनिशमध्ये डबल एल म्हणजे 'य', बस, एवढं लक्षात ठेवलं की काम झालं.

मंगळावरून आलेल्या अशनींची तर आणखी मजा आहे. त्यांच्या तीन मूळ गटांची नावं तीन गावांवरून पडलीत. फ्रान्समधलं शासिन्यी (3 ऑक्टोबर 1815), जे लोक 'चॅसिग्नी' वाचतात. इजिप्तमधलं नख़्ला (28 जून 1911), त्यातला ख़ घशातून काढायचा, आणि शब्दाचा अर्थ खजुराचं झाड. आणि तिसरं 'शेरगोटी', जे आपले लोकही परदेशी समजून अगदी इंग्रजी सुरात म्हणतात, पण ते आहे बिहारमधल्या गयेजवळचं शेरघाटी! 25 ऑगस्ट 1865 ला तिथे दगड पडला, तेव्हाच्या साहेबाने कानाला आलं तसं लिहिलं आणि तेच कायमचं छापलं गेलं. त्यावरून झालेलं 'शेरगोटाइट' हे प्रकाराचं नाव आता बदलणार नाही, ते तसंच म्हणावं, पण गावाला तरी शेरघाटी म्हणायला काय हरकत आहे? अशीच 'बस्टी' म्हणजे उत्तर प्रदेशातली बस्ती (1852), 'धुर्मसाला' म्हणजे हिमाचलमधलं धर्मशाळा (1860), आणि समितीच्या यादीतलं 'जामखेइर' म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातलं जामखेड (1866).

जर्मन-रशियन नावांत मराठी माणूस खरं तर फायद्यात असतो. चांगला आणि चहा यांतले दोन वेगळे 'च' आपल्याला जन्मजात येतात, त्यातला चांगल्यातला 'च' म्हणजेच जवळपास त्सारेवच्या सुरुवातीचा आणि माइन्त्सच्या शेवटचा आवाज, इंग्रजांना तो शब्दाच्या सुरुवातीला मुद्दाम शिकावा लागतो. जर्मनमध्ये डब्ल्यूचा 'व' आणि शब्दाच्या सुरुवातीच्या एसटीचा 'श्ट', म्हणून 2002 मध्ये पडलेला अशनी नॉयश्वानश्टाइन. क्रास्नोयार्स्कचं यादीतलं स्पेलिंग जे घालून आहे, पण तो जे 'य' आहे. हा 1749 साली सापडलेला सातेकशे किलोचा गोळा, पालास नावाच्या शास्त्रज्ञामुळे प्रसिद्ध झाला आणि अशा लोखंड-खनिज मिश्र अशनींना पॅलसाइट नाव मिळालं.

फ्रेंच सँ-सेव्रँ (1966) मधला नाकातला स्वर अवघड वाटतो, तो मालवणी 'खंय' मधून काढून बघावा, अगदी तोच नाही, पण 'सेंट सेव्हरिन' पेक्षा कितीतरी बरा.

अरबी नावांसाठी मात्र मस्कतला नोकरी करून आलेल्या खेड-दापोलीच्या चाच्यांनाच विचारावं. ओमानच्या वाळवंटात इतके अशनी मिळतात की भागाचं नाव आणि पुढे नंबर अशी पद्धत आहे, त्यातलं 'धोफर' म्हणजे ज़ुफार, 'फा' लांब. सहारातल्यांची तर आणखी सोय, तिथे नुसतं नॉर्थवेस्ट आफ्रिका 7034 वगैरे.

ब्राझीलचा बेंदेगो 1784 मध्ये सापडला, पाच टनांच्या वर वजन, आणि 2018 मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तरी हा जागेवरच राहिला. पोर्तुगीजमध्ये जोर शेवटच्या 'गो' वर. कोर्लईला अजून पोर्तुगीजमधून आलेली बोली बोलतात, तिथे बहुतेक हे समजावून सांगावंही लागणार नाही.