फौजीच्या विधवेला म्हातारपणी पेन्शन: अर्ज कुठे करायचा, कागद कोणते आणि नावाचा घोळ कसा निस्तरायचा

आमच्या शेजारच्या आजी, वय ७८, नवरा फौजेत होता, पाच वर्षांपूर्वी वारला. दोन वर्षं त्या बँकेत हेलपाटे घालत होत्या आणि काउंटरवरचा माणूस प्रत्येक वेळी सांगायचा, आजी तुमचं नाव सिस्टीममध्ये दिसत नाही. बरोबर सांगत होता तो, पण नाव दिसत नाही तर ते चढवायचं कुठं हे कुणी सांगितलंच नाही. त्यांचे कागद मी केले, तेव्हा जे कळलं ते लिहितोय, कारण गावोगाव अशा आज्या आहेत.

सगळ्यात आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. त्यात डिस्चार्ज बुक म्हणजे फौजेतून सुटताना मिळालेलं नोकरीच्या नोंदीचं पुस्तक, पीपीओ म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर, जुनं पासबुक, यातलं काहीतरी निघतंच. तुम्हाला हव्यात तीन गोष्टी, नवऱ्याचा आर्मी नंबर, हुद्दा आणि रेजिमेंट, आणि चौथी म्हणजे ते पेन्शनवर आले होते की तसेच घरी आले होते. पुढचा सगळा रस्ता या चौथ्या गोष्टीवर ठरतो. जवानाला सर्व्हिस पेन्शन बसायला साधारण १५ वर्षं नोकरी लागते, त्याआधी नाव कापून म्हणजे नोकरी सोडून आला असेल तर बहुतेक पेन्शन नसते. पण मेडिकल बोर्ड आऊट म्हणजे तब्येतीमुळे फौजेतून काढलेले असतील किंवा पूर्वीच्या पद्धतीने कलर (प्रत्यक्ष नोकरी) आणि रिझर्व्ह (घरी राहून राखीव) मिळून १५ वर्षं भरून रिझर्व्हिस्ट पेन्शन घेत असतील तर त्यांचाही पीपीओ असतो, त्यामुळे "सर्व्हिस कमी होती, काही मिळायचं नाही" असं घरातच ठरवून टाकू नका.

नवऱ्याला पेन्शन चालू होती असं धरून चालू. तो गेल्यावर बायकोला मिळते ती फॅमिली पेन्शन. साधा दर शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कमीत कमी ९००० रुपये, वर महागाई भत्ता वेगळा. रिटायर होऊन वारला असेल तर सुरुवातीची ७ वर्षं किंवा त्याचं वय ६७ झालं असतं तोवर, जे आधी येईल ते, ५० टक्क्यांचा वाढीव दर असतो, म्हातारपणी अर्ज करणाऱ्यांना हा बहुतेक लागू होत नाही. ड्युटीमुळे मृत्यू झाला असेल तर स्पेशल फॅमिली पेन्शन ६० टक्के, आणि लढाईत गेला असेल तर लिबरलाइज्ड, म्हणजे शेवटच्या पगाराइतकी. लग्न रिटायरमेंटनंतर झालं असलं तरी बायकोचा हक्क असतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता पीपीओ उघडून बघा, बायकोचं नाव त्यात आहे का. असेल तर काम सोपं आहे. पूर्वी पेन्शन बँकेकडून यायची, आता संरक्षण खात्याची स्पर्श नावाची सिस्टीम आहे आणि पेन्शन प्रयागराजच्या पीसीडीए म्हणजे संरक्षण खात्याच्या पेन्शन हिशेबाच्या ऑफिसकडून थेट खात्यात पडते. स्पर्शवर मृत्यूची नोंद करायची, मृत्यूचा दाखला अपलोड करायचा, आजींचं आधार, पॅन, बँक पासबुक आणि फोटो द्यायचा. ऑनलाइन जमत नसेल तर सीएससी सेंटर किंवा बँकेतलं स्पर्श सेवा केंद्र करून देतं. नोंद लवकर करा बरं का, कारण नवऱ्याची पेन्शन तो गेल्यावरही खात्यात पडत राहिली आणि घरच्यांनी खर्च केली तर ती नंतर वसूल होते, आणि ती वसुली त्याच म्हातारीच्या पेन्शनमधून होते.

नाव नसेल तर बँक, तहसील, स्पर्श सेंटर कुणीही ते चढवू शकत नाही, ते काम फक्त रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या फौजेच्या ऑफिसचं. प्रत्येक रेजिमेंटचं आपलं रेकॉर्ड ऑफिस असतं, मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर्सचं पुण्यात खडकीला. पण थेट तिकडं पत्र टाकण्याआधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, म्हणजे आपल्याकडं ज्याला अजून सोल्जर बोर्ड म्हणतात तिथं. तिथले कल्याण संघटक हीच कामं रोज करतात, कुठला फॉर्म, कुठं सही, कुणाचा शिक्का हे त्यांना पाठ असतं, आणि त्यांच्या कव्हरिंग लेटरने गेलेल्या अर्जाला उत्तर येतं असा माझा अनुभव. एका कागदावर चूक दाखवून परत पाठवतात तेव्हा राग येतो, पण तीच चूक बेळगावहून दोन महिन्यांनी परत येण्यापेक्षा बरी.

अर्जाबरोबर डिस्चार्ज बुकची झेरॉक्स, पीपीओ, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला, लग्नाचा दाखला किंवा तो नसेल तर ॲफिडेव्हिट आणि सरपंच किंवा ग्रामसेवकाचा दाखला, आधार, पॅन, पासबुक, आणि दोघांचा एकत्र फोटो असेल तर तो. जुन्या माणसांचे एकत्र फोटो नसतात हो, आजींकडं एक होता, कुठल्यातरी जत्रेतला, त्यात आजोबा ओळखू येत होते आणि आजींचा चेहरा पदरात. त्यामुळं त्यांचा नवा फोटो काढून सैनिक कल्याण कार्यालयाकडून अटेस्ट करून लावला.

आणि मग तो नावाचा घोळ. फौजेत भरती झाल्यावर किंवा लग्न झाल्यावर युनिटने पार्ट टू ऑर्डर म्हणजे जवानाच्या घरच्या माहितीची नोंद काढलेली असते, त्यात क्लार्कने जे ऐकलं ते लिहिलंय. माहेरचं नाव, सासरचं नाव, कधी नुसतं "बाई". आजींचं आधारवर एक नाव, रेकॉर्डला दुसरं आणि मतदार कार्डावर तिसरंच. माहेरचं नाव लग्नात बदलणं आपल्याकडं घरोघरी आहे, पण पंजाबी किंवा मद्रासी क्लार्कला ते कळायचं कारण नाही. यावर उपाय एकच, मॅजिस्ट्रेट किंवा नोटरीसमोर ॲफिडेव्हिट, की अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती. आणि आधी आधार, पॅन आणि बँक या तिन्हींवर एकच नाव करून घ्या, मग ॲफिडेव्हिट करा, उलटं केलं तर दोनदा पैसे जातात, आमचे गेले.

जन्मतारखेचंही असंच, फक्त त्याची किंमत नंतर कळते. वय ८० झालं की फॅमिली पेन्शन २० टक्क्यांनी वाढते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि १०० ला पेन्शन दुप्पट. ही वाढ ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या १ तारखेपासून बसते. रेकॉर्डला जन्मतारीखच नसेल तर ती बसणार कशी? त्यामुळं नाव चढवताना जन्मतारीखही चढवून घ्या, पॅन कार्ड किंवा मतदार कार्ड जोडून. आजी आता ७८ च्या आहेत, हे आम्ही आत्ताच केलं.

पेन्शन चालू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला. नोव्हेंबरमध्ये द्यायचा, ८० च्या पुढच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. शेतात काम केलेल्या बायांचे बोटांचे ठसे मशीन घेत नाही, आजींचा अंगठा सात वेळा ठेवून झाला, खोबरेल लावून झालं, काही नाही. शेवटी जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून झालं, मोबाइलवर, ओसरीत बसून, त्या फक्त विचारत होत्या की डोळे मिचकावायचे का. फॅमिली पेन्शनर झाल्यावर ईसीएचएस म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्डही काढून घ्या, दवाखान्याचा खर्च पेन्शनपेक्षा मोठा असतो.

नवऱ्याला पेन्शन नव्हतीच अशा विधवांसाठी फॅमिली पेन्शन नाही, पण दारं बंद नाहीत. केंद्रीय सैनिक बोर्डाची पेन्युरी ग्रँट आहे, हवालदार हुद्द्यापर्यंतचे, पेन्शन नसलेले माजी सैनिक किंवा त्यांच्या विधवा, वय ६५ च्या वर आणि नियमित उत्पन्न नाही, अशांना. आधी महिना ४००० होती, नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८००० केली. अर्ज ऑनलाइन, पण पडताळणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयच करतं. दुसऱ्या महायुद्धात लढलेल्यांच्या विधवांना राज्य सरकारचं वेगळं मानधन आहे, तेही तिथंच विचारा. इथं अडचण अशी की पेन्शन नसलेल्यांचे सर्व्हिसचे कागद रेकॉर्ड ऑफिस २५ वर्षांनी नष्ट करतं. पण लाँग रोल नावाचं रजिस्टर कायम राहतं, त्यातला उतारा मागा, म्हणून तो आर्मी नंबर पेटीतून शोधाच. आणि यातलं काहीच बसत नसेल तर तहसीलची श्रावणबाळ योजना आहे, ६५ च्या वर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, महिना १५०० रुपये.

रेकॉर्ड ऑफिसने लेखी नाही म्हटलं तर ते पत्र फाडू नका, जपून ठेवा. त्यावर अपील होतं आणि पुढं आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनल म्हणजे फौजींच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणाची मुंबईला बेंच आहे. फक्त इतकं की उशिरा गेलं तर मागची थकबाकी साधारण अर्ज दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणजे वीस वर्षं थांबलात तर सतरा वर्षांचे पैसे गेले. एजंट म्हणून फिरणारे थकबाकीत टक्केवारी मागतात, आमच्याकडं एकजण वीस टक्के म्हणत होता. अर्जाला फी नाही, खर्च झेरॉक्स, ॲफिडेव्हिट आणि पोस्टाचा. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, स्पीड पोस्टानेच पाठवा, आणि ओरिजिनल डिस्चार्ज बुक कुणाच्याही हातात देऊ नका, सोल्जर बोर्डातही ते दाखवायचं आणि परत पिशवीत ठेवायचं. आजींनी तर ते परत पेटीतच ठेवलं, वर कुलूप.